आवळलं तरी का सुटतं?

काम चालू असताना कटर हळूच खाली सरकतो. आवाज बदलतो, खाच ठरवल्यापेक्षा खोल जाते. मशीन बंद करून पाहावं तर वरचा ड्रॉबार जागच्या जागी घट्ट. तरीही पान्याला पाइप लावून तो आणखी आवळला जातो, आणि पुढच्या कापाला पुन्हा तेच होतं. घरी किंवा दुकानामागच्या खोलीत लहान मिलिंग मशीन ठेवून काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी भेटतो. त्यावर सल्लेही भरपूर मिळतात. कोणी म्हणतं ग्रीस लावा, कोणी म्हणतं कोरडंच ठेवा. कोणी हवेवरची इम्पॅक्ट गन सुचवतो, तर कोणी मशीनच बदलायला सांगतो. या सगळ्या मतांमागे थोडं थोडं तथ्य आहे, पण ती एकाच जागेबद्दल बोलत नाहीत. स्पिंडलपासून कटरच्या धारेपर्यंत पकडीचे दोन-तीन सांधे असतात. सुटतो एक आणि आवळला जातो दुसरा, इथेच बहुतेकांचं चुकतं असं माझं ठाम मत आहे.

बुऱ्हाणपुरात या प्रश्नाला वेगळं वजन आहे. गावाचं पोट यंत्रमागावर चालतं. मागाचे गिअर, टॅपेट, पिकिंगचे झिजलेले भाग, वाकलेले शाफ्ट दुरुस्त करणारी दुकानं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांचा संसार लेथ, ड्रिल आणि वेल्डिंगवर चालतो. सपाट पृष्ठभाग किंवा शाफ्टवरची चावीची खाच हवी असली की शेपर किंवा मोठं मिलिंग असलेल्याकडे जावं लागतं. म्हणून बाकावर मावणारं छोटं मिलिंग मशीन हे हौशी माणसाला आणि छोट्या दुरुस्तीवाल्याला सारखंच भुरळ घालतं. मशीन आणि होल्डर इंदूरच्या सियागंजातून, मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून किंवा घरबसल्या मागवून येतात. अशा खरेदीत टेपर एका जातीचा, कटर धरणारं कोलेट दुसऱ्या दर्जाचं आणि ड्रॉबार तिसऱ्याच आट्यांचा अशी जुळणी होण्याचा संभव मोठा असतो.

मिलिंग मशीन परवडत नाही म्हणून ड्रिल मशीनच्या चकमध्ये एंडमिल धरून काम काढण्याची पद्धत सर्रास दिसते. खाली सरकता व्हाइस लावला की दिसायला ते मिलिंगसारखंच दिसतं. पण ड्रिल मशीनमध्ये चक नुसत्या टेपरवर दाबून बसवलेला असतो. वरून त्याला ओढून धरणारं काहीच नसतं. भोक पाडताना सगळा दाब खालून वर येतो आणि चकला अधिकच घट्ट बसवतो, म्हणून ड्रिलिंगमध्ये हे बिनबोभाट चालतं. मिलिंगमध्ये मात्र जोर आडवा येतो, प्रत्येक दात आपटत येतो, आणि त्यातच उजव्या पिळाचा कटर स्वतःला खाली ओढत असतो. या तिन्हींपुढे तो टेपर काही मिनिटांत सैल होऊ शकतो. मग फिरता चक कटरसकट खाली पडतो, आणि त्या वेळी माणसाचा हात व्हाइसच्या मुठीवर असतो. शिवाय चकचे जबडे गोल शँकला तीन अरुंद रेषांवर धरतात आणि कटरची शँक असते कडक, त्यामुळे कटर चकमधूनही सरकतो. हे काम करू नये, असंच मी सांगेन. ड्रॉबार नसलेल्या स्पिंडलवर एंडमिल नको.

ड्रॉबार म्हणजे पोकळ स्पिंडलच्या डोक्यातून खाली उतरलेला लांब बोल्ट. खालच्या होल्डरच्या शेपटीतल्या आट्यांत तो शिरतो आणि होल्डरला वर, टेपरमध्ये ओढून धरतो. फिरण्याचा जोर पोचवतं ते टेपरच्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण; ड्रॉबार फक्त ते पृष्ठभाग एकमेकांवर दाबतो. त्यामुळे ड्रॉबार किती आवळायचा हे टेपर कोणत्या कोनाचा आहे त्यावर ठरतं.

छोट्या मशीनवर दोन घराणी भेटतात. पहिलं मोर्सचं. स्टीफन मोर्स या अमेरिकी कारागिराने १८६० च्या दशकात ड्रिलसाठी हा निमुळता टेपर रूढ केला. वीस मिलिमीटर लांबीला व्यासात साधारण एक मिलिमीटर फरक, म्हणजे मधल्या रेषेपासून कोन जेमतेम दीड अंश. पोलाद पोलादावर घसरायला लागतं तो कोन, तेलकटपणा किती त्यावर, साधारण सहा ते साडेआठ अंश येतो. दीड अंश त्याच्या कितीतरी आत असल्यामुळे मोर्स टेपर एकदा बसला की आपणहून अडकून राहतो. त्याला काढायला ठोका लागतो.

दुसरं घराणं जास्त कोनाच्या टेपरचं. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावी रुडॉल्फ बॅनो आणि मॅग्नस वॉल्स्ट्रॉम यांनी ज्या टरेट मिलिंग मशीनला जन्म दिला, त्या ब्रिजपोर्टने आर ८ हा टेपर जगभर रुळवला. त्याचा पूर्ण कोन १६ अंश ५१ मिनिटं, म्हणजे एका बाजूला साडेआठ अंशांच्या जरा खाली. कारखान्यांतल्या मोठ्या मशीनवरचे ३०, ४०, ५० नंबरचे टेपर ७:२४ या प्रमाणात असतात आणि त्यांचा कोनही एका बाजूला सव्वाआठ अंशांच्या आसपास येतो. हा कोन मुद्दाम घर्षणाच्या सीमेवर ठेवलेला आहे. ड्रॉबार सैल केला की होल्डर जवळजवळ आपोआप सुटावा, हीच त्यामागची कल्पना. त्याची दुसरी बाजू अशी की ड्रॉबारचा ताण गेला तर या टेपरमध्ये स्वतःची पकड जवळपास उरत नाही. ४० नंबरच्या होल्डरला निदान स्पिंडलच्या तोंडावरचे दोन ठोकळे फिरवतात. आर ८ ला तेही नाहीत. आर ८ च्या स्पिंडलमध्ये जी छोटी पिन असते तिचं काम आवळताना कोलेट फिरू न देणं एवढंच. कटरचा जोर तिच्यावर आला तर ती तुटते, आणि कित्येक जुन्या मशीनमध्ये ती तुटलेलीच सापडते. आवळताना कोलेट हाताने धरता येत असेल तर पिनशिवाय काही अडत नाही. तुटलेला तुकडा मात्र आत राहू देऊ नये, तो टेपरच्या पृष्ठभागावर ओरखडे काढतो.

आता आकडा मांडून पाहू. ७५० वॉटची मोटर, कटर मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरतोय, आणि सगळी शक्ती कटरपर्यंत पोचली असं धरलं तरी पिळाचा जोर २४ न्यूटन-मीटरच्या घरात येतो. प्रत्यक्षात तो कमीच असतो. आर ८ चा ड्रॉबार १० किलोन्यूटनने, म्हणजे साधारण एक टन ताणाने ओढला आणि घर्षणांक ०.१२ धरला, तर टेपर ६० न्यूटन-मीटरच्या आसपास पिळ सहन करतो. म्हणजे अडीचपट. तेवढा ताण आणायला आर ८ च्या अकरा-बारा मिलिमीटरच्या ड्रॉबारला लागतात सुमारे २२ ते २५ न्यूटन-मीटर. पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा दाब. एका हाताने, खांद्यातून जोर न लावता तो येतो. कारखान्यातल्या ४० नंबरच्या सीएनसी मशीनमध्ये होल्डर ओढून धरणाऱ्या चकती-स्प्रिंगांचा ताणही साधारण ८ ते १२ किलोन्यूटन एवढाच असतो, आणि तिथे मोटर दहापट मोठी असते. या हिशेबानंतर ड्रॉबारच्या पान्याला पाइप लावण्याचं कारण उरत नाही.

मोर्स टेपरला तर याहून कमी पुरतं. तेवढ्याच ताणाला त्याच्या पृष्ठभागांवरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे एमटी ३, म्हणजे तीन नंबरच्या मोर्स टेपरच्या, १२ मिलिमीटर ड्रॉबारला १० ते १२ न्यूटन-मीटर भरपूर झाले. त्यापुढचं प्रत्येक आवळणं काढतानाच्या हातोडीच्या ठोक्यांनी फेडावं लागतं, आणि ते ठोके बसतात स्पिंडलच्या बेअरिंगवर.

मग कटर सरकतो कुठे? बहुतेक वेळा टेपरच्या खालच्या सांध्यात, म्हणजे कोलेटमध्ये.

आज छोट्या मशीनवर सर्वत्र दिसणारं कोलेट ईआर जातीचं. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलं. पुढे ते जर्मन प्रमाणक डीआयएन ६४९९ मध्ये बसलं आणि आता जगभर बनतं. त्याची बाहेरची बाजू आठ अंशांनी निमुळती, दोन्ही टोकांकडून आलटून पालटून चिरलेली. नट आवळला की कोलेट होल्डरच्या टेपरमध्ये दाबलं जातं आणि कटरभोवती मिटतं. आठ अंश म्हणजे पुन्हा तीच सीमारेषा. नटाचा दाब हीच इथली सगळी पकड. आणि हा दाब बराच लागतो. रेगो-फिक्सच्या तक्त्यांत ईआर ३२ च्या नटासाठी वरचा आकडा १३६ न्यूटन-मीटर आहे, ईआर २५ साठी १०४. पंचवीस सेंटिमीटर पान्यावर १०४ न्यूटन-मीटर म्हणजे बेचाळीस किलोचा दाब. लहान कटरला निम्म्यावर भागतं हे खरं, तरी ड्रॉबारला लागतो त्याच्या दुपटीहून तो अधिकच आहे. प्रत्यक्षात आपण वर ड्रॉबारवर पाइप लावतो आणि खाली ईआरचा नट पत्र्याच्या त्या छोट्या पान्याने हाताला येईल तेवढा फिरवून सोडतो. जोर नेमका उलट्या जागी जातो.

यात माणसाचा आळस नसतो, मशीनच्या अडचणी असतात. बाकावरच्या मशीनचा स्पिंडल धरून ठेवायला एक बारीक पिन असते. तिच्यावर शंभर न्यूटन-मीटरचा पिळ टाकला तर ती वाकते किंवा मशीनचं डोकंच फिरतं. उपाय म्हणजे होल्डर मशीनवर न आवळता बाकावर आवळणं. दोन ठोकळ्यांत होल्डरची चपटी बाजू अडकेल असं साधं धारक व्हाइसमध्ये पकडायचं. मागाचे भाग बनवणाऱ्या कुठल्याही खरादवाल्याला ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. दुसरा उपाय खरेदीच्या वेळचा. २० मिलिमीटर शँकपर्यंत जातं म्हणून ईआर ३२ चा संच घेतला जातो, पण एवढ्या छोट्या मशीनवर १२ मिलिमीटरच्या वर कटर क्वचितच चालतो. त्याला ईआर २० पुरतं, त्याच्या नटाला ८० न्यूटन-मीटरच्या पुढे जावं लागत नाही, आणि होल्डर बारीक असल्यामुळे कामाजवळ नेता येतो. १६ पर्यंतचे कटर हवे असतील तर ईआर २५. यापलीकडे घरगुती मशीनवर जायचं कारण मला दिसत नाही.

ईआरची आणखी एक खोड आहे, ती न कळल्यामुळे चांगली कोलेट बिघडतात. नटाच्या आत एक किंचित तिरकी, मध्याला न जुळणारी कडी असते. कोलेट आधी तिरपं करून त्या कडीत टचकन बसवायचं, मग नट होल्डरवर चढवायचा. कोलेट होल्डरमध्ये ठेवून वरून नट फिरवला तर ते वाकडं दाबलं जातं, कटर डगमगतो, आणि नट सोडताना कोलेट आत चिकटून राहतं, कारण त्याला बाहेर ओढणारी कडी त्याच्या खाचेत नसतेच. शँक कोलेटच्या निदान दोन-तृतीयांश लांबीत जायला हवी. नुसत्या तोंडाशी धरली तर मागचा भाग मिटतो आणि पुढचा उघडतो. मोठ्या आकारांचं कोलेट आपल्या मापापासून एक मिलिमीटरपर्यंत मिटतं, पण त्या शेवटच्या टोकाला ते शँकला धड गोलाकार धरत नाही. १० मिलिमीटर शँकला १० चंच कोलेट घ्यावं.

तेल की कोरडं, हा वाद नेहमीचा आहे आणि त्याचं उत्तर जागेनुसार वेगळं आहे. ड्रॉबारचे आटे, त्याच्या डोक्याखालचा वॉशर आणि ईआर नटाचे आटे यांना तेलाचा हलका हात हवा, कारण तिथलं घर्षण आपला जोर खाऊन टाकतं. कोरड्या, गंजक्या आट्यांवर पान्याचा निम्मा जोर वाया जाऊ शकतो आणि माणसाला वाटतं चांगलं आवळलं. याउलट टेपरचे पृष्ठभाग, कोलेटचं आतलं भोक आणि कटरची शँक पुसून कोरडी हवी, कारण तिथलं घर्षण हीच आपली पकड आहे. नवा कटर तेलाच्या थरासकट डबीतून येतो आणि तसाच बसवला जातो. सरकण्याच्या कित्येक तक्रारी तेवढ्यानेच संपतात.

पुसायचं कशाने, हेही इथे विचारायला हवं. मागांच्या गावात सुती गुंडा आणि चिंध्या मुबलक, आणि वर्कशॉपमध्ये हात पुसायला त्याच वापरतात. गुंड्यातून तंतू सुटतात. कापसाचा तंतू वीसेक मायक्रॉन जाडीचा असतो; तो दाबाखाली चपटा होतो, पण त्याने धरलेला धातूचा कीस चपटा होत नाही. टेपरच्या तोंडाशी असा एक कण अडकला की होल्डर एका बाजूला टेकतो, संपर्क पाऊण पृष्ठभागावरून चतकोरावर येतो आणि कटरचं टोक डायलवर शतांशांत डोलायला लागतं. डोललं की एक दात जास्त कापतो, धक्के वाढतात, आणि धक्क्यांनीच टेपर सुटतो. म्हणून टेपरसाठी घट्ट विणीचं, धुतलेलं, तंतू न सोडणारं कापड वेगळं ठेवावं. आणि पुसल्यावर शेवटी बोट फिरवावं, कारण डोळ्याला न दिसणारा कण बोटाला कळतो. पावसाळ्यात तापीकाठच्या दमट हवेत होल्डर उघडे राहिले तर त्यांच्यावर तांबूस पापुद्रा चढतो. तो पॉलिश पेपरने घासून काढण्याचा मोह टाळावा. टेपर घासला की गोलाई जाते आणि ती परत येत नाही. तेलाचा हात देऊन गुंडाळून ठेवणं आणि बसवण्याआधी तो पुसून टाकणं, हे दोन्ही करावंच लागतं.

उन्हाळ्याचं म्हणाल तर हवा ४५ अंशांवर गेली म्हणून पकड बिघडत नाही. स्पिंडल आणि होल्डर दोन्ही सारखेच फुगतात. बिघडतं ते फरकाने. तासभर चालून तापलेल्या स्पिंडलमध्ये थंड होल्डर बसवून घट्ट आवळला, आणि मग मशीन रात्रभर निवलं, की स्पिंडल होल्डरवर आवळतो. २४ मिलिमीटर व्यासाला वीस अंशांचा फरक म्हणजे साडेपाच मायक्रॉन. आकडा किरकोळ वाटतो, पण मोर्सच्या उतारावर तो टेपर एक दशांश मिलिमीटरहून अधिक आत ठोकण्याइतका होतो. सकाळी होल्डर निघत नाही त्याचं कारण बहुधा हेच. मोर्स टेपरचं मशीन असेल तर काम संपल्यावर ड्रॉबार सैल करून होल्डर मोकळा करून ठेवावा.

नेमका कोणता सांधा सरकतोय हे ओळखायची सर्वांत भरवशाची युक्ती फुकटात होते. बारीक मार्करने कटरच्या शँकपासून कोलेट, नट, होल्डर ते स्पिंडलच्या तोंडापर्यंत एक सरळ उभी रेघ ओढायची आणि कटर कोलेटबाहेर किती आहे ते मोजून ठेवायचं. एक जड काप घेऊन मशीन थांबवायचं. रेघ जिथे तुटली तिथे पिळ घसरला. रेघ अखंड असून कटरची लांबी वाढली असेल तर कटर पिळाने न फिरता सरळ खाली ओढला गेला. मग नट अधिक आवळावा, किंवा जड कामाला बाजूने स्क्रू मारून शँकच्या सपाट भागावर धरणारा वेल्डन होल्डर वापरावा. तोही कटरची शँक त्यासाठी सपाट केलेली असेल तरच. आणि कुठेच काही सरकलेलं नसेल, तरी खाच वाकडी येत असेल, तर दोष पकडीचा नाही: टेबलाच्या स्क्रूमधला ढिलेपणा, किंवा कटर ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला काम ढकललं जाणं. अशा वेळी ड्रॉबार आवळून काहीही होणार नाही.

हवेच्या इम्पॅक्ट गनने ड्रॉबार फिरवण्याची सोय हौशी लोकांत लोकप्रिय आहे. पान्याची झटापट वाचते आणि पाना डोक्यावर विसरून मशीन सुरू करण्याचा धोका टळतो, हा तिचा खरा फायदा. पण गन किती जोर लावते हे हवेच्या दाबावर ठरतं. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब दिला तर ती आटे ताणून टाकेल. रेग्युलेटरने दाब उतरवून, टॉर्क पान्याने एकदा ताडून पाहून मगच ती वापरावी. ज्याच्याकडे रेग्युलेटर नाही त्याला हातपानाच बरा.

काढताना ड्रॉबार एक-दोन फेरे सैल करायचा, पूर्ण नाही. आट्यांत पाच-सहा वेढे तरी अडकलेले राहू द्यायचे, नाहीतर ठोक्याचा सगळा भार शेवटच्या दोन वेढ्यांवर येतो आणि तेच फाटतात. मग खालून होल्डर एका हाताने धरून ड्रॉबारच्या डोक्यावर पितळी हातोडीने एक नेमका ठोका. आर ८ ला तो पुरतो. मोर्स अडून बसला तर ठोके वाढवण्यापेक्षा ड्रॉबारच्या डोक्यावर अडकणारी कॅप बनवून घ्यावी: उलट फिरवला की ड्रॉबार वर जाऊ न शकल्यामुळे होल्डरलाच खाली ढकलतो, आणि बेअरिंगला धक्का बसत नाही. नवं मशीन घेणाऱ्याला एमटी ३ आणि आर ८ असे दोन्ही पर्याय मिळत असतील तर मी आर ८ सांगेन, ते काढण्याच्या या फरकासाठीच. जुनं मशीन घेताना मात्र टेपरच्या नावापेक्षा त्याचा पृष्ठभाग पाहावा. चांगल्या होल्डरला निळ्या शाईचा पातळ हात देऊन स्पिंडलमध्ये हलकेच बसवावा आणि काढून शाई कुठे लागली ते बघावं. रुंद टोकाकडे शाई एकसारखी पसरली असेल तर मशीन घ्यायला हरकत नाही. नुसत्या एका पट्ट्यावर लागली असेल तर भाव कितीही उतरवला तरी ते मशीन सोडून द्यावं.